कोणाच्या पंगतीला बसावे?

आपल्या मराठीत संगतीविषयी दोन म्हणी आहेत. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही एक, आणि ‘सुक्याबरोबर ओलेही जळते’ ही दुसरी. पहिली म्हण सांगते की वाईटाशेजारी राहणारा कोरा राहत नाही. दुसरी सांगते की दोषी माणसाबरोबर निर्दोषही पोळून निघतो, आणि हा अन्याय होय. दोन्ही म्हणी खऱ्या आहेत. परंतु एकाच माणसाला एकाच गोष्टीसाठी दोन्ही लावता येत नाहीत. कोणाला कोणती लावायची हे ठरविण्यातच आपल्या न्यायबुद्धीची परीक्षा असते.

हा विचार करावयास लावणारे प्रकरण म्हणजे अमेरिकेतील जेफ्री एपस्टीन याचे. त्याची पत्रे, वह्या, छायाचित्रे आणि बँकेचे कागद गेली काही वर्षे बाहेर पडत आहेत आणि दर वेळी कोणा ना कोणा मोठ्या माणसाचे नाव पुढे येते. शब्बाथची प्रार्थना आटोपल्यावर सिनेगॉगच्या अंगणातही त्याची चर्चा होते. कोणी म्हणतो, “सगळे एकाच माळेचे मणी.” कोणी म्हणतो, “नुसते भेटले म्हणून काय झाले?” आमच्या मते ही दोन्ही उत्तरे आळसाची आहेत. प्रकरण ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने आधी पाहू.

एपस्टीन १९५३ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका यहुदी कुटुंबात जन्मला. पुढे श्रीमंतांच्या पैशाची व्यवस्था पाहत तो स्वतः गडगंज झाला. २००५ साली फ्लोरिडा राज्यातील पाम बीच येथे १४ वर्षांच्या एका मुलीच्या घरच्यांनी पोलिसांकडे तक्रार केली. चौकशी सुरू झाली आणि एकीमागून एक मुली सापडत गेल्या. असे असूनही २००७ साली केंद्र सरकारच्या वकिलांनी त्याच्याशी करार केला की त्याच्यावर केंद्रीय खटला भरला जाणार नाही. त्या मुलींना याची खबरही दिली गेली नाही. ३० जून २००८ रोजी त्याने राज्याच्या न्यायालयात दोन गुन्हे कबूल केले. त्यांतील एक, अल्पवयीन मुलीला वेश्याव्यवसायासाठी मिळविण्याचा होता. शिक्षा १८ महिन्यांची झाली. प्रत्यक्षात तो सुमारे १३ महिने तुरुंगात होता, आणि त्यातही आठवड्याचे ६ दिवस, दिवसाला १२ तासांपर्यंत, आपल्या कचेरीत जाऊन बसण्याची त्याला मुभा होती. जुलै २००९ मध्ये तो सुटला. लैंगिक गुन्हेगारांच्या सरकारी नोंदवहीत त्याचे नाव चढले.

यानंतर जवळजवळ १० वर्षे तो मोठ्या लोकांत वावरला. नोव्हेंबर २०१८ मध्ये ‘मायामी हेरल्ड’ या वृत्तपत्राच्या ज्युली ब्राऊन या बातमीदार बाईंनी सुमारे ८० मुलींचा माग काढून जुना करार उजेडात आणला. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका न्यायाधीशाने निर्णय दिला की मुलींना अंधारात ठेवून सरकारी वकिलांनी कायदा मोडला होता. जुलै २०१९ मध्ये एपस्टीनला पुन्हा अटक झाली आणि १० ऑगस्टला तो न्यूयॉर्कच्या तुरुंगात मेला. सरकारी वैद्यकीय निर्णय आत्महत्येचा आहे. त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल डिसेंबर २०२१ मध्ये दोषी ठरली आणि तिला २० वर्षांची शिक्षा झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने ४२७ विरुद्ध १ अशा मतांनी विधेयक मंजूर केले की सरकारजवळचे या प्रकरणाचे कागद लोकांपुढे ठेवावेत.

वाचक म्हणतील, अमेरिकेतल्या या घाणीचे आमच्या अंकात काय काम? काम आहे. एक तर गुन्हेगार यहुदी होता, आणि आपले वैरी ही गोष्ट विसरत नाहीत. दुसरे असे की ज्यांचे त्याच्याकडे जाणेयेणे होते त्यांत आपल्या इस्राएल देशाचे एक माजी पंतप्रधानही आहेत. आणि तिसरे कारण, जे आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते, ते हे की संगतीचा प्रश्न आपल्या ज्ञानी लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वीच हाताळून ठेवला आहे.

पिर्के आवोथच्या पहिल्या अध्यायात येहोशुआ बेन पेराख्या आणि नित्ताय हा-अर्बेली या दोन आचार्यांचे बोल लागोपाठ येतात. हे दोघे एकाच काळातले आणि एक जोडी म्हणून त्यांचा उल्लेख होतो. येहोशुआंच्या शिकवणीचा एक भाग असा की प्रत्येक माणसाला तोलताना पारडे त्याच्या बाजूने झुकू द्यावे. नित्तायांची शिकवण अशी की वाईट शेजाऱ्यापासून दूर राहावे आणि दुष्टाशी सोबत जोडू नये. वरवर पाहता दोघांचे भांडण दिसते. एक म्हणतात संशय घेऊ नका, दुसरे म्हणतात जवळ जाऊ नका. पण नीट पाहिले तर भांडण नाही. पहिली शिकवण दुसऱ्याचा न्याय करताना वापरायची आहे, आणि दुसरी स्वतःचे पाऊल कोठे टाकावे हे ठरविताना. एपस्टीनच्या घरी जाणारे मोठे लोक याच्या उलट वागले. पाऊल टाकताना त्यांनी उदारपणा दाखविला आणि मुलींचे म्हणणे ऐकताना संशय.

आता आपली बाजू. कागदात नाव दिसले की माणूस दोषी, असे आपण म्हणू लागलो तर येहोशुआंची शिकवण आपण मोडली. कागद कागदात फरक असतो. पत्त्यांच्या वहीत शेकडो नावे असतात. ज्याला ओळखी मिरवायच्या असतात तो, एकदा हात मिळविला तरी, नाव लिहून ठेवतो. दैनंदिनीत ठरलेली भेट असते, ती झालीच असे नव्हे. विमानाच्या नोंदवहीतून कोण, कोणत्या दिवशी, कोठून कोठे गेला एवढे कळते. का गेला ते कळत नाही. छायाचित्र एका क्षणाचे असते. पत्रातून अधिक कळते, कारण तेथे माणूस स्वतःच्या शब्दांत आणि तारखेसह बोलतो. बँकेचा कागद सर्वांत कोरडा, पण पैसा कोठून आला आणि कोठे गेला हे त्याच्याइतके कोणी सांगत नाही. हे भेद न करता नावांची माळ ओवणे म्हणजे बातमी नव्हे, ती लाशोन हारा होय. जानेवारी २०२४ मध्ये न्यायालयाचे जुने कागद खुले झाले, तेव्हा त्यांत नसलेलीच नावे घालून खोट्या याद्या फिरविल्या गेल्या. जुलै २०२५ मध्ये तर अमेरिकेच्या न्याय खात्याने लिहून दिले की ज्या ‘गिऱ्हाइकांच्या यादी’ची एवढी चर्चा चालली होती तशी यादी त्यांना सापडलेली नाही.

आपल्या धर्मशास्त्रात फौजदारी न्यायासाठी दोन साक्षीदार लागतात आणि नुसते अनुमान चालत नाही. तल्मूदमध्ये याचे कडक उदाहरण दिले आहे. एक माणूस दुसऱ्याचा पाठलाग करीत पडक्या घरात शिरताना दिसला, मागोमाग जाऊन पाहिले तर त्याच्या हातातील तलवारीतून रक्त ठिबकत आहे आणि दुसरा तडफडत आहे. तरीही प्रत्यक्ष वार पाहिला नसेल तर साक्षीदाराने तो पाहिल्यासारखे सांगू नये. माणसाला देहदंड देण्याआधी एवढी काळजी! वर्तमानपत्र चाळता चाळता कोणाची अब्रू घेणाऱ्याने त्यातली थोडी तरी घ्यावी.

आणि बेने इस्राएलांना तर हे कोणी वेगळे सांगावयास नको. १९६२ साली मुख्य रब्बीनेटने विवाह नोंदविणाऱ्यांना सूचना दिली की आपल्या समाजातील वधूवरांच्या आईकडच्या पिढ्या जाता येईल तितक्या मागेपर्यंत तपासाव्यात. कोणा एकाने काही केले होते म्हणून नव्हे; केवळ आपण त्या समाजाचे म्हणून. कोकणातल्या खेड्यांत शनवार तेली म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळणाऱ्यांच्या नातवंडांकडे पुरावे मागितले गेले. लोक जेरुसलेमला येऊन ठाण मांडून बसले, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये क्नेसेतने जाहीर केले की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदी आहेत. नुसत्या नावावरून संशयाच्या यादीत जाणे म्हणजे काय असते, हे ज्या समाजाने सोसले आहे, त्याने दुसऱ्याला तसल्या यादीत घालताना हात आखडता घ्यावा.

मग कागद निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाहीत. त्यांत एक गोष्ट अशी आहे की ज्याबाबत अनुमानाची गरजच पडत नाही. ती म्हणजे तारीख.

३० जून २००८ ही या सर्व प्रकरणातली ठळक रेघ होय. त्या दिवसापूर्वी जे त्याला भेटले, त्याच्याशी व्यवहार केला, त्याच्या जेवणावळीला बसले, त्यांतल्या पुष्कळांना तो हुशार आणि दानशूर गृहस्थ वाटला असेल. त्यांच्या बाबतीत पारडे त्यांच्या बाजूने झुकविणे हे आपले कर्तव्य आहे. परंतु त्या दिवसानंतर गोष्ट बदलली. निकाल उघड न्यायालयातला होता, वर्तमानपत्रांत आला होता, सरकारी नोंदवहीत होता. ज्यांच्यापाशी वकील, चिटणीस आणि सल्लागार असतात त्यांना तो कळला नाही असे म्हणणे कठीण आहे. त्यानंतरची प्रत्येक भेट ही कळूनसवरून केलेली भेट होती.

ब्रिटनच्या राजपुत्र अँड्र्यू यांचे डिसेंबर २०१० मधले, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एपस्टीनबरोबर फिरतानाचे छायाचित्र जगाने पाहिले. मैत्री तोडण्यासाठी आपण गेलो होतो, असे त्यांनी २०१९ साली सांगितले. पण संबंध त्यानंतरही सुरू होता असे दाखविणारे २०११ सालचे पत्र ऑक्टोबर २०२५ मध्ये छापून आले आणि त्याच महिन्यात त्यांची पदवी काढून घेण्यात आली. त्यांनी आपल्यावरील आरोप सतत नाकारले आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. ब्रिटनचे अमेरिकेतील राजदूत पीटर मँडलसन यांनी २००८ साली, शिक्षेच्या त्याच काळात, एपस्टीनला धीराची पत्रे लिहिली होती. ती बाहेर येताच सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष लॅरी समर्स यांचा पत्रव्यवहार जुलै २०१९ पर्यंत, म्हणजे दुसऱ्या अटकेच्या तोंडापर्यंत, चालू होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो उघड झाल्यावर ते सार्वजनिक कामांतून बाजूला झाले. आपले एहूद बाराक यांनी त्याच्याकडे जाणेयेणे होते हे स्वतः मान्य केले आहे. २०१५ साली एका इस्राएली कंपनीत पैसे गुंतविण्यासाठी त्यांनी जी भागीदारी उभी केली तिच्यात एपस्टीनचाही पैसा होता. आपण तेथे काहीही गैर पाहिले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे आणि त्यांच्यावर कोणताही गुन्हा नोंदलेला नाही. तेवढे आपण मानावे. परंतु गुन्हा न करणे आणि योग्य वागणे यांच्यामध्ये बरीच जागा असते, आणि आमचा प्रश्न त्या जागेविषयी आहे.

येथे एक युक्तिवाद पुढे येतो, आणि तो आपल्या धर्माच्या नावाने येतो म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. “त्याने शिक्षा भोगली होती. तेशुवा करणाऱ्याला त्याच्या मागल्या कर्मांची आठवण देऊ नये, असे मिश्नाच सांगते. मग त्याला वाळीत टाकणे हाच अधर्म नव्हे काय?”

मिश्ना तसे सांगते खरे. तुरुंगातून सुटलेल्याला काम न देणारा, त्याच्या मुलांच्या सोयरिकी मोडणारा समाज क्रूर होय. परंतु शिक्षा भोगणे म्हणजे तेशुवा नव्हे. रांबामने तेशुवेची लक्षणे स्पष्ट लिहून ठेवली आहेत. पाप सोडावे, पश्चात्ताप करावा, तोंडाने कबुली द्यावी, आणि ज्या माणसाचे आपण वाईट केले त्याची भरपाई करून त्याची क्षमा मागावी. ती क्षमा मिळाल्यावाचून किप्पूरचा उपासही त्या पापाचे क्षालन करीत नाही. या कसोटीवर एपस्टीन कोठे बसतो? २०११ साली त्याने न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राला सांगितले की खुनी माणसात आणि बेगल चोरणाऱ्यात जेवढा फरक, तेवढा सराईत लैंगिक शिकाऱ्यात आणि आपल्यात आहे. ज्याला आपला अपराध बेगलच्या चोरीइतका वाटतो, त्याची तेशुवा झाली असे म्हणणे हा तेशुवेचाच अपमान होय. शिवाय क्षमा करण्याचा अधिकार त्या मुलींचा होता. त्याच्या टेबलावर जेवणाऱ्या पाहुण्यांना तो कोणी दिला?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या पाहुण्यांविषयी सर्व लोक एकच प्रश्न विचारतात: तेथे जाऊन त्यांनी काय केले? पुष्कळांच्या बाबतीत उत्तर असेल, काही नाही. जेवले, गप्पा मारल्या, परत आले. आमच्या मते विचारण्यासारखा प्रश्न दुसरा आहे. त्यांच्या येण्याने काय झाले?

आपण दुकानात मांस घेतो तेव्हा जनावराचे फुप्फुस आपण तपासत नाही. हेक्शेरचा शिक्का पाहतो आणि विश्वास ठेवतो. तो शिक्का देणाऱ्याने सुरी हातात धरलेली नसते, तरी चुकीच्या मालावर शिक्का पडला तर जबाबदारी त्याची असते. मोठ्या माणसाचे येणेजाणे हा असाच एक शिक्का असतो. एपस्टीनच्या घरात प्रसिद्ध लोकांबरोबरची छायाचित्रे मांडून ठेवलेली असत. ती पाहून बँकेच्या अधिकाऱ्याला वाटे, एवढे लोक येतात तर माणूस ठीकच असेल. प्राध्यापकाला तसेच वाटे. आणि गरीब घरातल्या एखाद्या पोरीला वाटे, आपण तोंड उघडले तर या लोकांपुढे आपले कोण ऐकणार? ज्या पाहुण्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नाही, त्याच्या नावानेही त्या पोरीचे तोंड बंद होण्यास मदत झाली. हे त्याने मुद्दाम केले नसेल. परंतु हेक्शेर देणाऱ्याला ‘मी लक्ष दिले नाही’ हे कारण आपण कधी मान्य करीत नाही.

शिक्का काय काम करतो ते बँकांच्या व्यवहारावरून दिसते. जे. पी. मॉर्गन या बँकेने त्याला १९९८ पासून २०१३ पर्यंत, म्हणजे निकालानंतरही ५ वर्षे, खातेदार म्हणून ठेवले. तिने सोडल्यावर डॉइश बँकेने त्याला जवळ केले. २०२३ साली पहिल्या बँकेने पीडित स्त्रियांना २९ कोटी डॉलर आणि दुसरीने साडेसात कोटी डॉलर देण्याचे कबूल केले.

विद्येच्या घरांचेही तसेच. मॅसॅच्युसेट्सच्या प्रख्यात तंत्रविद्या संस्थेने, म्हणजे एम.आय.टी.ने, २०२० साली आपली चौकशी जाहीर केली. एपस्टीनकडून एकूण साडेआठ लाख डॉलर आले होते, त्यांपैकी साडेसात लाख निकालानंतर. आणि त्या देणग्यांचा गाजावाजा होणार नाही याची काळजी घेतली गेली होती. जी देणगी उघड घेण्याची लाज वाटते ती घेऊ नये, एवढे कळावयास विद्यापीठ लागत नाही. हार्वर्डची गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. तेथे १९९८ ते २००८ या काळात ९१ लाख डॉलर आले. निकालानंतर विद्यापीठाने त्याचा पैसा घेतला नाही, हे चांगलेच झाले. पण २०१० ते २०१८ मध्ये तो तेथे ४०हून अधिक वेळा येऊन गेला, आणि एका विभागात त्याला बसावयास खोलीही होती. म्हणजे पैसा नाकारला, पण शिक्का दिला. पैशापेक्षा त्याला शिक्क्याचीच गरज अधिक होती. तोरातील देवारीमच्या २३व्या अध्यायात आज्ञा आहे की वेश्येच्या कमाईतले काही नवस म्हणून परमेश्वराच्या मंदिरात आणू नये. पैशावर डाग दिसत नाही. तरी तो कोठून आला हे विचारावे, असाच त्या आज्ञेचा अर्थ आम्ही घेतो.

लाशोन हाराची आठवण वर दिली. पण ती आज्ञा जेथे आहे तेथेच थांबून पाहिले पाहिजे. वायिक्राच्या १९व्या अध्यायातील १६व्या वचनात एका भागात चहाड्या सांगत फिरू नये असे म्हटले आहे, आणि त्याच वचनाच्या दुसऱ्या भागात, शेजाऱ्याच्या प्राणावर बेतले असता स्वस्थ उभे राहू नये असे म्हटले आहे. एकाच श्वासात दोन्ही. पहिला अर्धा भाग घेऊन बसणारे लोक सर्व समाजांत असतात. “कशाला बोलायचे? उगाच कोणाचे नाव कशाला घ्यायचे?” असे म्हणून ते सज्जन ठरतात. परंतु दुसरा अर्धा भाग मोडल्याशिवाय त्यांना पहिला पाळता येत नाही. पाम बीचचे पोलीस आणि मायामीची ती बातमीदार बाई यांनी दुसरा भाग पाळला, म्हणून आज हे कागद आपल्यासमोर आहेत.

आपल्या देशाने हे एकदा करून दाखविले आहे. राष्ट्राध्यक्षपद भूषविलेल्या मोशे कात्साव यांना तेल अवीवच्या न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये बलात्काराबद्दल दोषी ठरविले. ७ वर्षांची शिक्षा झाली, सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले आणि डिसेंबर २०११ मध्ये ते तुरुंगात गेले. त्या वेळी पुष्कळांना लाज वाटली. आम्हास वाटते, लाज गुन्ह्याची वाटावी. निकालाचा अभिमानच वाटावा. कचेरीत काम करणाऱ्या स्त्रियांचे म्हणणे देशाच्या प्रथम नागरिकाच्या म्हणण्याविरुद्ध तोलले गेले, आणि पारडे खऱ्याकडे झुकले.

म्हणूनच “तो आपला यहुदी, त्याचा बोभाटा आपण करू नये” हा विचार आम्हास पटत नाही. वैरी त्याच्या धर्माचा उपयोग करतात हे खरे. काही जण तर इस्राएलचे गुप्तहेर खातेच त्याच्यामागे होते असे सांगत फिरतात. माजी पंतप्रधान नफ्ताली बेनेट यांनी जुलै २०२५ मध्ये ते साफ नाकारले. ज्या गोष्टीला कागद नाही तिला आपणही नाही म्हणावे, आणि ठामपणे म्हणावे. परंतु ज्या गोष्टीला कागद आहे तिच्याकडे पाठ फिरविली, तर आपल्या ‘नाही’ला किंमत उरत नाही. खिल्लूल हाशेम, म्हणजे परमेश्वराच्या नावाची विटंबना, पापी माणसाने केलीच. ते पाप झाकणारा तीत भर घालतो.

हे सर्व लिहिण्याचा हेतू दूरच्या धनाढ्यांना नावे ठेवण्याचा नाही. ते आमचा अंक वाचत नाहीत. संगतीचा प्रश्न लोद, रामले, अश्दोद आणि दिमोना येथेही येतो, फक्त त्याचा आकार लहान असतो. आपल्या सिनेगॉगमध्ये सणाला सेफेर तोराच्या मानाची बोली लागते. बोली मोठी असली की आपण सुखावतो, कारण छप्पर गळत असते आणि विजेचे बिल थकलेले असते. उद्या अशा माणसाने बोली लावली की ज्याने घरच्या बाईला मारल्याचे किंवा एखाद्या लेकराला नासविल्याचे न्यायालयात सिद्ध झाले आहे, आणि ज्याने त्यांची क्षमा कधी मागितली नाही, तर मुकादमाने काय करावे? त्याला प्रार्थनेला येऊ द्यावे, आम्ही म्हणू. दहांच्या मिन्यानमध्ये त्याला मोजावे, तेही म्हणू. परमेश्वरापुढे उभे राहण्यापासून कोणाला अडविणे आपले काम नव्हे. पण मान देऊ नये. संगमरवराच्या पाटीवर नाव कोरू नये. मलिद्याच्या ताटाशी पहिल्या ओळीत बसवू नये. कारण स्त्रियांच्या बाजूला बसलेली ती बाई, किंवा ते लेकरू, वर मान करून पाहत असते की आपल्या समाजाने शिक्का कोणाला दिला.

तेव्हा एखादे नाव कागदात दिसले तर आपण तीन गोष्टी विचाराव्यात. कागद कोणत्या प्रकारचा आहे? तारीख निकालाच्या आधीची की नंतरची? आणि नंतरची असेल, तर त्या माणसाच्या जाण्याने गुन्हेगाराचे वजन वाढले की नाही? पहिल्या दोन प्रश्नांनी निर्दोष माणूस वाचतो. तिसरा प्रश्न मात्र दुसऱ्याला विचारण्याआधी, आमंत्रण हाती येईल त्या दिवशी, ज्याने त्याने स्वतःला विचारावा.